खेड्यातलं स्वयंपाकघर : ओट्याच्या दगडापासून मोरीच्या उतारापर्यंत

स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं की पहिली चर्चा टाइल्सच्या रंगाची होते. ती शेवटी करा. आधी चार गोष्टी ठरवा. वर्षाचा गहू आणि तुरीची डाळ घरात भरून ठेवता का? चूल कायमची बंद होणार, की रोडगे, मटण आणि आंघोळीचं पाणी तिच्यावरच राहणार? पाणी बोरचं की नळाचं, गोडं की खारं? आणि घर काळ्या जमिनीवर आहे की मुरमाड? दगड कोणता, लाकूड कोणतं, काय कुठे बसवायचं, हे सगळं या चार उत्तरांवर ठरतं. अमरावती-नागपूरच्या दुकानांत मांडलेली मॉड्युलर किचन फ्लॅटसाठी केलेली असतात; तिथे आटा पाच किलोच्या पिशवीतून येतो. आपल्या विदर्भातल्या खेड्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, भिंतीत उधई (वाळवी) आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर.

पैशाचं माझं मत आधीच सांगतो. फोडल्याशिवाय बदलता येत नाही अशा कामांत काटकसर करू नका: जमिनीखालचा भराव, सांडपाण्याचा पाइप, वायरिंग आणि ओटा. कप्प्यांची दारं, कड्या, रंग हे पुढच्या तुरीच्या पैशात बदलता येतं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. चकचकीत दारांमागे मोरीचं पाणी तुंबलेलं असतं.

जागा कुठली

जुन्या घरांत सैपाकाची खोली मागच्या बाजूला, सांदवाडीला लागून असायची. नव्या घरातही ती तशीच ठेवा. मागचं दार हवंच. वाळवणाची खाट, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), माती लागलेली भाजी, भांडी घासायचं काम, सगळ्यांची ये-जा तिथूनच चालते. वास्तू पाहणारे आग्नेय कोपरा सांगतात. आपल्या हवेला तो सोयीचाही पडतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून असतो, म्हणजे पूर्वेच्या खोलीतला धूर नि फोडणीचा खकाणा घरभर न पसरता बाहेर जातो. शिवाय पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि संध्याकाळच्या सैपाकाच्या वेळी ती उष्णता आत सोडते. पश्चिमेलाच खोली करावी लागली, तर त्या भिंतीला ओटा लावू नका. धान्याच्या कोठ्या तिथे ठेवा, बाहेरून मांडव किंवा वेल चढवा आणि भिंतीला चुना द्या.

खोली किमान दहा बाय बारा फूट असावी. ओट्याच्या रुंदीत दोन फूट गेले तरी मधे बसायला जागा उरली पाहिजे. आपल्याकडचं निम्मं काम अजून जमिनीवर बसूनच होतं: भाजी निवडणं, लसूण सोलणं, सरगुंडे वळणं, लग्नाकार्यात पुऱ्या लाटणं. शहरी आराखड्यात मधोमध टेबल टाकतात. ते आपल्याला अडचणच.

ओटा एका भिंतीला सरळ किंवा एल आकाराचा चालतो. यू आकार दिसतो छान, पण त्याचे दोन कोपरे अंधारे राहतात, आणि झुरळं-उंदीर तिथेच घर करतात. क्रम असा ठेवा: सिंक, मग चिरायची मोकळी जागा, मग गॅस. सिंक आणि गॅस यांच्यात निदान अडीच-तीन फूट मोकळे हवेत. गॅसच्या दुसऱ्या बाजूलाही दीड फूट सोडा, उतरवलेला गंज (मोठं उभट पातेलं) ठेवायला. शेगडी खिडकीच्या अगदी खाली नको, वाऱ्यानं ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो.

चूल ठेवायची असेल तर

घरात गॅस आला तरी तुराटी-पऱ्हाटी फुकटात मिळते, म्हणून चूल बंद होत नाही. ती राहणार हे मान्य करून तिची नीट सोय करा. कवेलूच्या घरात फटींतून धूर निघून जायचा. त्याच घरावर टिन किंवा स्लॅब पडला की तोच धूर आत कोंडतो आणि बाईच्या डोळ्यांत-छातीत जातो. म्हणून चूल मागच्या छपरीत न्या. तीन बाजू मोकळ्या किंवा अर्ध्या भिंतीच्या. आतच ठेवायची झाली तर चुलीवर धुराडं काढून ते छपराच्या वर दोन-तीन फूट न्या. टिनाजवळून धुराडं जातं तिथे लाकडी वासा टेकू देऊ नका.

सिलिंडर आणि चूल एका खोलीत ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर न जाता जमिनीवर साचतो आणि चुलीतल्या निखाऱ्यापर्यंत सरपटत जातो. गॅसच्या खोलीत जमिनीलगत, दाराखाली किंवा भिंतीत, जाळी लावलेलं एक भोक ठेवाच. उंचावरची खिडकी या कामाला पुरत नाही.

पऱ्हाटीचा ढीग भिंतीला टेकवून रचू नका. आगीचा धोका आहेच, पण उन्हाळाभर साठवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी टिकून राहते आणि पुढच्या हंगामात आपल्याच शेतात जाते. पावसाच्या आत जेवढी जाळायची तेवढीच आणा.

जमिनीखालचं काम

काळी भारी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. वऱ्हाडातल्या किती घरांत ओटा भिंतीपासून बोटभर सुटलेला दिसतो, दोष मिस्त्रीच्या माथी जातो आणि खरा दोष भरावाचा असतो. जोत्यात खणलेली काळी मातीच परत लोटतात. ती काढून टाका. मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर देऊन पाणी मारत प्रत्येक थर धुमसा, आणि वर किमान तीन-चार इंच काँक्रीट घाला. हे झाल्यावरच फरशी आणि ओटा. ओट्याच्या उभ्या पायांखाली काँक्रीट थोडं जाड ठेवलं तर आणखी बरं.

उधईचं औषध याच वेळी मारतात. जोत्याचा भराव झाल्यावर, काँक्रीटच्या आधी. घर बांधून झाल्यावर भिंतीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडता येतं, पण तो दुय्यम उपाय.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत, बोरचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नका. आतली सळई गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. टँकर आणायचा खर्च इथे वसूल होतो.

फरशी मॅट, खरखरीत घ्या. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर तेलाचे दोन थेंब सांडले की म्हातारं माणूस घसरलंच. मला स्वतःला स्वयंपाकघरात कोटा आवडतो: उन्हाळ्यात पायाला गार आणि हातातून वरवंटा पडला तर टाइलसारखा तडकत नाही. डाग मात्र पडतात. सिलिंडरच्या जागी कडप्प्याचा जाड तुकडा बसवा. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातं आणि ते टेकवत-फिरवत नेताना टाइलची कड उडते. फरशीचा उतार मागच्या दाराकडे किंवा मोरीकडे, आठ फुटांना साधारण एक इंच.

ओट्याची उंची

मिस्त्री माप विचारतो घरातल्या पुरुषाला, आणि ओटा होतो तीन फूट उंच. ज्या बाईला तिथे रोज उभं राहायचं आहे तिला उभी करा, हात कोपरातून वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हे बहुधा ३२-३३ इंच येतं. सासू आणि सून दोघी सैपाक करत असतील तर जिचा वेळ जास्त तिचं माप धरा. बुटक्या बाईला उंच ओटा जितका त्रास देतो तितका उंच बाईला बुटका देत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

गॅसची गोष्ट वेगळी. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच, तिच्यावर मोठा गंज ठेवला तर वरण हलवताना हात खांद्याच्या वर जातो. म्हणून शेगडीपुरता तीन फुटांचा भाग चार इंच खाली घ्या. दगड कापणारा थोडी कुरकुर करेल, करू द्या. पण आधी शेगडीची रबरी नळी आणि रेग्युलेटर धरून सिलिंडर त्याखाली मावतं का ते मोजा. न मावलं तर सिलिंडर शेजारच्या खणात ठेवायचं. ते कायम उभंच, शेगडीपेक्षा खाली, आणि बंद कपाटात नको. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून नेऊ नका, आणि पाच वर्षांनी बदला. तारीख नळीवरच छापलेली असते.

दगड निवडताना

आपल्या बाजारात ओट्यासाठी मुख्यतः दोनच दगड, कडप्पा आणि ग्रॅनाइट. शहाबाद आणि कोटा जमिनीचे. संगमरवराचा विचार हळद, चिंच आणि भिवापुरी मिरचीच्या घरात करूच नये.

कडप्पा, कोटा, शहाबाद आणि संगमरवर या सगळ्यांत चुना असतो, म्हणून आंबट पदार्थ त्यांना खातो. लिंबू पिळलं, लोणच्याचा रस सांडला, अंबाडीची भाजी उतू गेली की तिथे पॉलिश उडून फिकट डाग पडतो, आणि तो धुऊन जात नाही. ग्रॅनाइटला आंबटाचं काही होत नाही. तेव्हा वरचा पृष्ठभाग ग्रॅनाइटचा, आणि खालचे उभे पाय व कप्पे कडप्प्याचे, ही सरळ वाटणी. बजेट अगदीच कमी असेल तर अख्खा कडप्पा घ्या, पण लिंबू-चिंचेसाठी लाकडी पाट ठेवा.

दुकानात तीन चाचण्या करा. दगडाच्या कोपऱ्यावर लिंबाचा रस टाकून दहा मिनिटं थांबा. तिथली चमक गेली तर तो ग्रॅनाइट नाही. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन काळा दगड घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. पाण्याचा थेंब ठेवा. पाच मिनिटांत खाली गडद डाग उमटला तर दगड पाणी पितो, म्हणजे पुढे तेलही पिईल. फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये हे जास्त आढळतं. कडप्प्याला बोटाच्या पेरानं ठोका. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत पदर सुटलेले आहेत.

जाडी १८ मिलिमीटरच्या खाली नको. उभे पाय दर दोन-अडीच फुटांवर. दगड पुढे दीड इंच बाहेर येऊ द्या आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला बोटाच्या टोकाएवढी खाच मारून घ्या. ओट्यावरचं पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकतं, दारांवर ओघळत नाही. कारागीर हे विचारल्याशिवाय करत नाहीत, आणि दगड बसल्यावर होत नाही. ओट्याला सिंककडे अगदी किंचित उतार द्या. भिंतीला लागून चार इंचांची दगडी पट्टी, आणि सांध्यात साध्या सिमेंटऐवजी सिलिकॉन भरा, म्हणजे काळी माती थोडी हलली तरी सांधा उघडत नाही.

खलबत्ता ओट्याच्या बाहेर आलेल्या कडेवर कधीच कुटू नका. उभ्या पायाच्या बरोबर वरची जागा त्यासाठी ठरवा, नाहीतर पाट्याशेजारी जमिनीवरच बरं.

कडप्प्याचे कप्पे करडे पडू लागले की जवसाचं तेल फडक्यानं पातळ पुसून घ्या. जवस वाळून थर धरतं, दगड पुन्हा काळाभोर दिसतो. फक्त ते तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यात उष्णता साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

कप्पे, दारं आणि उधई

ओट्याखाली लाकडी पेट्या करू नका, एवढा एकच सल्ला लक्षात ठेवलात तरी चालेल. पार्टिकल बोर्डवर पाणी गेलं की तो भिजलेल्या पावासारखा फुगतो. आणि स्वस्त रेडीमेड किचन बहुधा त्याचंच असतं. दगडी कप्पे उधई खात नाही, पाण्यानं फुगत नाहीत, आणि त्यांच्यावर वीस किलोचा तेलाचा डबा निवांत बसतो. लाकूड फक्त दारांना वापरा, आणि दारं जमिनीपासून चार इंच वर ठेवा.

दारांसाठी सागवान असेल तर प्रश्नच नाही. बल्लारशाच्या डेपोतला किंवा आलापल्लीकडचा साग आपल्या हाताशी आहे. पण घेताना फळीचा रंग पाहा. मधला गडद गाभा उधईला दाद देत नाही, कडेचा पिवळट-पांढरा भाग मात्र ती आवडीनं खाते. प्लायवूड घ्यायचं तर त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात, आणि त्यातलं ‘एमआर’ फक्त दमट हवेपुरतं आहे. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो तेव्हा त्याला हा आकडा दाखवायला सांगा. पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लॅस्टिक) बोर्डला ना पाणी लागत ना उधई, पण ते उष्णतेनं मऊ पडून वाकतात. शेगडीच्या अगदी शेजारी नकोत. ॲल्युमिनियमची चौकट आणि जाळीची दारं दिसायला साधी, पण हवा खेळती राहते, बटाटे-कांदे सडत नाहीत, आणि माझ्या मते खेड्यासाठी हीच उत्तम.

वर्षाच्या साठवणीला वेगळी भिंत द्या. कोठ्या जमिनीवर थेट नकोत; सहा इंच उंच दगडी कट्टा करा आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, म्हणजे मागून झाडता येतं आणि उंदीर दिसतो. उंदीर असला की त्याच्या मागे साप येतो, हे गावात कुणाला सांगायला नको. माळ्यावर लोणचं, तेल किंवा पापड-कुरड्या ठेवू नका. स्लॅबच्या खालची जागा मे महिन्यात सगळ्यात जास्त तापते, तेल खवट होतं. तिथे लग्नाची मोठी भांडी बरी. जुन्या घरातल्या दिवळ्या बुजवत असाल तर थांबा. मीठ-मिरचीसाठी त्यांच्याइतकी सोयीची जागा कुठलं कपाट देत नाही.

सिंक, नळ, मोरी

सिंक स्टीलचं, नऊ-दहा इंच खोल. दोन भांड्यांचं घेण्यापेक्षा एकच मोठं घ्या, त्यात कढई आडवी मावते. ग्रेड ३०४ मागा. चुंबक लावून पारखायची युक्ती सगळे सांगतात, पण ती अर्धीच खरी आहे: २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. नळ पितळी, वर क्रोमचा मुलामा असलेला. प्लॅस्टिकचा नळ जड पाण्यानं अडकतो आणि फिरवताना तुटतो.

पांढरा थर काढायला व्हिनेगर किंवा लिंबू चालतं, पण फक्त स्टील आणि ग्रॅनाइटवर. दारावर बाटलीत ॲसिड विकायला येतात ते घेऊच नका. त्यानं स्टीलला छिद्रं पडतात, सांध्यातलं सिमेंट निघून येतं आणि कोटा कायमचा पांढरा होतो.

चुलीवरची काजळी लागलेली भांडी सिंकमध्ये घासणं म्हणजे सगळ्या ओट्याला काळं फासणं. मागच्या दाराबाहेर तीन बाय चारची मोरी करा, चार इंचांचा कठडा, वर नळ आणि बसून घासता येईल एवढी जागा. तिला उतार भरपूर द्या. मोरीच्या तोंडाला पाणी धरून ठेवणारा ट्रॅप आणि वर स्टीलची जाळी लागतेच, नाहीतर झुरळं आणि उंदीर त्याच वाटेनं घरात येतात. सांडपाण्याचा पाइप तीन इंची घ्या आणि काळ्या मातीत तो थेट पुरू नका. आजूबाजूला वाळू किंवा मुरूम भरा, नाहीतर जमीन हलली की सांधे निसटतात.

शोषखड्डा भारी जमिनीत हळू पाणी पितो. मुरूम लागेपर्यंत खोदता आलं तर करा. नाहीतर पाणी केळी-अळूच्या वाफ्यात सोडा. खारपाण पट्ट्यात तेही जपून, मीठ साचून वाफा खराब होतो.

माठाची जागा उत्तरेच्या सावलीत, खिडकीच्या झुळुकीत. पाणी बाष्प होऊन उडालं तरच माठ गार होतो. बंद कोपऱ्यात किंवा फ्रिजशेजारी ठेवलेला माठ नुसता भांडं असतो.

वीज आणि भिंती

ओट्यावर एक फुटाच्या उंचीवर बोर्ड, सिंकपासून लांब. मिक्सरला साधा पॉइंट पुरतो. फ्रिज आणि इंडक्शनला १६ ॲम्पिअरचे वेगळे, स्वतंत्र वायरीचे. अर्थिंग खरंच केलंय का ते तपासून घ्या, आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा, ओल्या हातांचं घर आहे. एक्झॉस्ट पंखा शेगडीच्या वर उंच, आणि त्याच्या समोरच्या बाजूला हवा आत यायला जागा. इलेक्ट्रिक चिमणी घ्यायचीच असेल तर सगळं झाल्यावर. वीज गेली की ती शोभेची वस्तू.

ओट्यामागच्या टाइल्स दोन फूट उंच पुरतात, शेगडीमागे मात्र चार फूट न्या. सांधे इपॉक्सीनं भरले तर हळद-तेल शिरत नाही. वरच्या भिंतीला धुता येणारा फिकट रंग. मातीच्या भिंतीचं घर असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नका, तो माती धरून राहत नाही. पूर्वीसारखं पांढऱ्या मातीनं किंवा चुन्यानं पोतारलेलं बरं. टाइल्स लावायच्याच झाल्या तर तेवढ्या भागात आधी विटांची पातळ भिंत उभी करा.

काम ताब्यात घेताना

मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खाली हात लावून सांधे कोरडे आहेत का बघा. जमिनीवर बादली ओता आणि पाणी कुठे थांबतं ते खडूनं खुणा करून दाखवा. टाइल्सवर नाण्यानं टकटक करत फिरा, पोकळ आवाजाच्या काढून परत बसवायला लावा. सिलिंडर जोडून साबणाचा फेस नळीच्या दोन्ही टोकांना लावा. बुडबुडे फुगले तर गळतं. फ्रिज, मिक्सर, पंखा एकाच वेळी चालू करून अर्धा तास ठेवा आणि बोर्ड तापतो का ते पाहा. मग घरच्या बाईला ओट्याशी उभी करून पाच पोळ्या लाटायला सांगा. उंचीत चूक निघाली तर खालचा पाट किंवा पायाखालची फळी तिथेच ठरवून, तेवढंही मिस्त्रीकडूनच करून घ्या.